जुनी गाडी तापते तेव्हा : फॅन बदलण्याआधी आणि बदलताना

उन्हाळा सरता सरता या सदराकडे आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न आहे : गाडी तापते, मोठा फॅन बसवला तर थांबेल का? काही पत्रांना उत्तर ‘हो’ आहे, काहींना ‘मुळीच नाही’. फॅन वारा देतो, पाणी फिरवत नाही. रेडिएटर चोंदला असेल, पंप झिजला असेल, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधलं सील) गेलं असेल, तर दुप्पट वारा देऊनही इंजिन तापेलच, आणि मध्ये गेलेल्या दिवसांत हेड वाकेल. म्हणून गाडी नेमकी कधी तापते, हे प्रत्येक उत्तरात आधी पाहिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मोकळ्या रस्त्यावर टेम्परेचरचा काटा मधोमध राहतो. पर्वरीत महामार्गाचं काम सुरू झाल्यापासून रांगेत अडकलं की काटा लाल रेषेकडे सरकतो, रांग सुटली की खाली येतो. बेल्टवर फिरणारा मूळ फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन बसवायचा विचार आहे. कुठला घ्यावा आणि सोबत काय काय बदलावं लागेल? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : थांबल्यावर तापते आणि चालू लागली की उतरते, याचा अर्थ पाणी फिरतं आहे, वारा कमी पडतो आहे. पद्मिनीचा फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर असतो, त्यामुळे इंजिन फिरेल तेवढाच तो फिरतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला ८०० च्या आसपास असतात. तेवढ्यात वारा नावालाच ओढला जातो. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरनं धावू लागली की समोरून येणारा वाराच पुरतो. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नसतं. म्हणून तुमच्या गाडीला हा बदल खरोखर उपयोगी आहे.

खर्चाआधी तीन गोष्टी तपासा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं जोर देऊन बेल्ट दाबा. १०-१२ मिलिमीटरपेक्षा जास्त दबत असेल तर तो घसरतो आहे, आणि पंपही तेवढाच मंद फिरतो आहे. रेडिएटर कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदला, पण मूळ कॅपवर जो दाबाचा आकडा असेल तोच घ्या. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं हे खरं : ०.९ किलोच्या कॅपखाली साधं पाणी ११८-११९ अंशांवर उकळतं. पण जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे डाग दिलेले सांधे कमी दाबासाठी केलेले असतात. जास्त दाबाची कॅप लावली की वरच्या टाकीचा सांधा सुटतो. तिसरी गोष्ट रेडिएटरच्या पापुद्र्यांची : मागून टॉर्चचा प्रकाश टाका आणि पुढून पाहा. जिथं उजेड दिसत नाही तिथून वाराही जात नाही.

आता चार्जिंग. गाडीला डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असेल तर इथंच थांबा आणि आधी अल्टरनेटर बसवून घ्या. डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, आणि तुम्हाला फॅन नेमका आयडलिंगलाच हवा आहे. फॅनचे १२ अँपिअर, इग्निशनचे ४, पायाखाली धरलेल्या ब्रेकच्या दिव्यांचे ३-४, असे मिळून २० अँपिअर बॅटरीतून जातील. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाऊण-एक तासात अर्धी रिकामी होईल. अल्टरनेटर असेल तर त्याच्यावरचा आकडा वाचा. ३५ अँपिअर लिहिलेला अल्टरनेटर आयडलिंगला त्याच्या निम्मेही देईल याची खात्री नसते. रात्री पावसात हेडलाईटला ९, वायपरला ४-५, इग्निशनला ४ आणि फॅनला १२ धरले तरी बेरीज ३० च्या घरात जाते. आयडलिंगच्या फेऱ्या थोड्या वाढवल्या तर फरक पडतो, पण खरा उपाय ४५ किंवा ५५ अँपिअरचा अल्टरनेटर. जुन्या गाडीत बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे हेही पाहून घ्या. पॉझिटिव्ह टोक बॉडीला असेल (पॉझिटिव्ह अर्थ) तर फॅनच्या मोटरची जोडणी त्याप्रमाणे करावी लागते.

फॅन निवडताना वॅटवर भुलू नका. रेडिएटरची रुंदी-उंची मोजा आणि कडांना एक-एक सेंटिमीटर सोडून बसेल तेवढा मोठा फॅन घ्या. १२ इंची फॅनचं वर्तुळ साधारण ७३० चौरस सेंटिमीटर भरतं. तुमच्या रेडिएटरचा कोअर (नळ्या-पापुद्र्यांचा मधला भाग) ४० बाय ३८ सेंटिमीटर असेल, तर त्याचं क्षेत्र १,५२० चौरस सेंटिमीटर. म्हणजे नुसता फॅन टेकवून बसवला तर निम्म्या कोअरमधूनच वारा ओढला जातो. बाकीच्या निम्म्यासाठी श्राउड, म्हणजे सगळ्या कोअरमधून वारा ओढला जावा म्हणून फॅनभोवती बसवलेला डबा, लागतो. फॅन बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त टाळाटाळ याच भागाची होते आणि फॅन ‘काम करत नाही’ अशी तक्रार येते तीही बहुतेक यामुळेच. मारुती ८०० चा फॅन श्राउडसकट मिळाला तर उत्तम. नाहीतर दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, ४-५ सेंटिमीटर खोल डबा पत्राकाम करणाऱ्याकडून वाकवून घ्या. पाती आणि कड्याच्या मधलं अंतर ५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि रेडिएटरला टेकणाऱ्या कडेला फोमची पट्टी लावा.

फॅन रेडिएटरच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवा. पुढे बसवलेला फॅन वारा ढकलतो खरा, पण त्याची मोटर आणि पाती समोरून येणारा वारा अडवतात. मागे जागाच नसेल तरच पुढे. पात्यांचा बाक मागून ओढण्यासाठी किंवा पुढून ढकलण्यासाठी ठरलेला असतो. नुसत्या वायरी उलट्या करून फॅन उलटा फिरवला तर वारा येतो, पण कितीतरी कमी. काही फॅनची पाती काढून उलटी बसवता येतात, ते विकत घेतानाच विचारा. मोटरचं मागचं टोक आणि इंजिनाची पुली यांत किमान २५ मिलिमीटर मोकळे हवेत, कारण जोरात रेस दिली की इंजिन माउंटिंगवर हलतं. रेडिएटरच्या पापुद्र्यांतून आरपार जाणारे प्लास्टिकचे टाय वापरू नका. गाडीच्या थरथरीनं ते पाण्याच्या नळ्या घासतात आणि वर्षा-दोन वर्षांत तिथूनच गळती सुरू होते. पट्टी रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला बोल्टनं धरा.

मूळ फॅन काढताना एक धोका असतो. फॅनचे बोल्ट पुलीलाही धरतात. फॅनची जाडी निघून गेल्यावर तेच लांब बोल्ट परत लावले तर ते आत जाऊन टेकतात. पुली घट्ट वाटते, पण धरलेली नसते. तेवढे आखूड बोल्ट स्प्रिंग वॉशरसकट लावा. काढलेला फॅन फेकू नका, तेलाचा हात फिरवून ठेवून द्या.

वायरिंग डॅशबोर्डच्या स्विचमधून थेट नेऊ नका. बॅटरीपासून डॅशपर्यंत आणि तिथून पुढे रेडिएटरपर्यंत १ चौरस मिलिमीटरची ५ मीटर वायर धरली, तर १२ अँपिअरला एक व्होल्टहून जास्त वायरीतच जातो. फॅन मंदावतो, स्विच तापतो. ३०/४० अँपिअरचा चार पायांचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) रेडिएटरजवळ, पाणी उडणार नाही अशा जागी, पाय खाली करून बसवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज, तिथून ४ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून फॅनला. ८६ ला इग्निशनवर येणारी वायर, आणि ८५ थर्मो स्विचमधून (पाणी तापलं की फॅन चालू करणारा स्विच) अर्थला. फॅनचा अर्थ रेडिएटरच्या चौकटीवर नको. रंग खरवडून चासीला, किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. फॅन सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, म्हणून चालताना १२ अँपिअर घेणाऱ्या फॅनला २० चा फ्यूज ठेवा. ३० चा ठेवला तर जाम झालेली मोटर फ्यूज उडण्याआधीच जळेल.

थर्मो स्विच कुठं बसतो त्यावर त्याचं तापमान ठरतं. वरच्या होजमध्ये असेल तर ९२ ला चालू, ८७ ला बंद असा. खालच्या टाकीला बसवणार असाल तर तिथलं पाणी थंड झालेलं असतं, म्हणून ८५-८८ चा. थर्मोस्टॅटवर (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाण्याची वाट उघडणारी झडप) कोरलेला आकडा पाहा : वरच्या होजमधला फॅन स्विच त्याहून ८-१० अंश वर हवा, नाहीतर फॅन बंदच होणार नाही. होजमध्ये खुपसायची बारीक नळी असलेले स्विच मिळतात; रबराच्या कडेनं ते हमखास गळतात. होज कापून मध्ये बसवायचा आटेदार ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या. दोन्ही बाजूंना रबर असल्यामुळे या तुकड्याला अर्थ मिळत नाही. स्विच एका वायरीचा असेल तर तुकड्याला वेगळी अर्थ वायर जोडावीच लागते. ती विसरली की सगळं नवीन असूनही फॅन ढिम्म हलत नाही.

शेवटी तपासणी. फॅन चालू करून ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो ग्रिलला चिकटला पाहिजे. कोपऱ्यांतही चिकटतो का पाहा, म्हणजे श्राउड नीट बसला की नाही ते कळेल. फॅनच्या कनेक्टरवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठंतरी सांधा कच्चा आहे. मग घराच्या दारात अर्धा तास आयडलिंगला ठेवा आणि फॅन लागतो-सुटतो त्या वेळा टिपा. लागून सुटायला जर दर खेपेला जास्त वेळ लागू लागला, तर वारा अजून कमी पडतो आहे.

प्रश्न : १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. मडगाव शहरात काही त्रास नाही. काणकोणला जाताना करमल घाटात मात्र चढाच्या मध्यावर काटा वर जातो. गॅरेजवाला म्हणतो, मोठ्या मोटरचा फॅन टाकूया. टाकू का? (एक वाचक, केपे)

उत्तर : टाकू नका, निदान आत्ता तरी. शहरात वारा सर्वांत कमी असतो आणि तिथं तुमची गाडी तापत नाही. म्हणजे आहे तो फॅन त्याचं काम करतो आहे. चढावर इंजिन जास्त उष्णता काढतं आणि ती वाहून न्यायला पाणी कमी पडतं आहे.

खात्री हवी असेल तर बिनखर्चाची एक चाचणी आहे. थर्मो स्विचची वायर काढा. एकच असेल तर बॉडीला टेकवा, दोन असतील तर फ्यूज लावलेल्या तुकड्यानं एकमेकींना जोडा. इग्निशन चालू केल्याबरोबर फॅन फिरू लागला पाहिजे. आता पायथ्यापासूनच फॅन सतत चालू ठेवून घाट चढा. काटा तरीही तेवढाच चढला तर फॅनचा विषय संपला. चढला नाही, तर फॅन स्विच उशिरा लागत होता; स्विच बदला, मोटर नको.

फॅन निर्दोष निघाला की या क्रमानं पाहा. पहिला संशय रेडिएटरवर. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या कोअरवर तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन फिरवा. चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून टाक्यांवर काळी चिकटपट्टी लावून तिथं मोजा. वरची टाकी गरम, खालची थोडी कमी, आणि मधला कोअर सगळीकडे साधारण सारखा, हे चांगलं लक्षण. मध्येच थंड पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाडीत हे होतंच. आपल्याकडे किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात खाऱ्या होतात, आतल्या भागात पाण्याला लोह असतं. दोन्ही रेडिएटरच्या वाईटावर. तांब्या-पितळेचा कोअर असेल तर टाक्या उघडून सळई मारून घेता येतो. ॲल्युमिनियमचा असेल तर बदलणंच बरं.

मग खालची होज. पंप तिच्यातून पाणी ओढतो. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर रेस वाढली की होज चपटी होते आणि नेमकं चढावर पाणी अडतं. बॉनेट उघडून, कुणालातरी रेस द्यायला सांगून डोळ्यांनी पाहा. पंपाच्या खालच्या भोकातून ओघळ दिसला तर सील गेलं आहे. पंप काढलाच तर आतली पाती खाऱ्या पाण्यानं खाल्ली आहेत का पाहा. इग्निशन टायमिंग मागे गेलं असेल, किंवा कार्ब्युरेटर पेट्रोल कमी देत असेल, तरी चढावर इंजिन जास्त तापतं. एखादा ब्रेक धरून राहत असेल तर प्रत्येक चढ दुप्पट होतो. रस्त्यावरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, हात लावू नका. एकच चाक भट्टीसारखं जाणवलं तर उत्तर तिथं आहे.

हेड गॅस्केटची तपासणी थंड इंजिनावर, सकाळी. कॅप काढून इंजिन चालू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे चालतात. रेस दिल्यावर सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कॅप लावल्यावर इंजिन कोमट होण्याआधीच वरची होज दगडासारखी कडक झाली, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ते काढलं की सरळ पट्टी ठेवून फट मोजून घ्या. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर घासून सपाट केल्याशिवाय नवीन गॅस्केट टाकू नये, नाहीतर ते काही महिन्यांत पुन्हा जाईल.

घाटात काटा वर गेलाच तर कडेला थांबा, इंजिन बंद करा, अर्धा तास कॅपला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतलं की हेडला चीर जाते.

प्रश्न : महिंद्रा एमएम ५४०, डिझेल. चोर्ला घाटातून माल घेऊन ये-जा असते. लोडला गाडी तापते. मूळ लोखंडी फॅन काढून दोन इलेक्ट्रिक फॅन लावलेल्या जीपा पाहिल्या आहेत. करावं का? (एक वाचक, केरी-सत्तरी)

उत्तर : माल वाहणाऱ्या डिझेल जीपचा बेल्टवरचा फॅन काढू नये असंच आमचं ठाम मत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना गाडीचा वेग कमी पण इंजिनाचा वेग भरपूर असतो. अशा वेळी बेल्टवरचा फॅन जेवढा वारा ओढतो, तेवढा ओढायला इलेक्ट्रिक फॅनना ३०-४० अँपिअर लागतील. ते देणारा अल्टरनेटर जुन्या जीपवर नसतो. आणि घाटाच्या मध्यावर फ्यूज उडाला तर मालासकट अडकून पडाल.

आहे त्या फॅनकडून पुरतं काम करून घ्या. श्राउड जागेवर आहे का? जुन्या जीपांचा श्राउड दुरुस्तीच्या वेळी काढला जातो आणि परत लागत नाही. तो नसेल तर पात्यांच्या टोकांवरून गरम हवाच पुन्हा पुढे फिरते. पाती निम्मी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर, आणि टोकांपासून कड्यापर्यंत २०-२५ मिलिमीटर अंतर, अशी ठेवण हवी. इंजिनाची माउंटिंगं बसली असतील तर फॅन खाली उतरतो आणि एका बाजूला घासतो. म्हणून आधी माउंटिंगं. चार पात्यांच्या फॅनच्या जागी त्याच व्यासाचा, तेच बोल्टचं माप असलेला सहा पात्यांचा फॅन मिळाला तर जरूर बसवा. वाकलेलं पातं ठोकून सरळ केलेला फॅन मात्र वापरू नका. तोल बिघडलेला फॅन आधी पंपाचं बेअरिंग खातो, आणि कधी पातंच तुटून रेडिएटरमध्ये घुसतं.

तुमच्या भागात आणि डिचोली-सांगेकडे लाल धूळ हा मोठा शत्रू. ती रेडिएटरमध्ये बसते, पहिल्या पावसात चिखल होते आणि वाळून विटेसारखी कडक होते. पाण्याचा साधा पाईप इंजिनाच्या बाजूनं धरून धूळ आली त्या वाटेनंच, पुढे, बाहेर काढा. सर्व्हिस स्टेशनचा जोरदार फवारा जवळून मारला की पापुद्रे आडवे होतात आणि होता तो वाराही बंद होतो. हे काम पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा व्हायलाच हवं.

सुमो, क्वालिसच्या पिढीच्या ज्या गाड्यांच्या फॅनला व्हिस्कस कपलिंग (आतल्या दाट तेलानं गरजेप्रमाणे फॅन फिरवणारा जोड) आहे, त्यांच्या मालकांसाठीही इथंच सांगतो. इंजिन बंद आणि गार असताना फॅन हातानं फिरवा. थोडा विरोध जाणवून तो लगेच थांबला पाहिजे. मोकळा गरगर फिरत राहिला, कपलिंगच्या तोंडाशी तेलाचा ओघळ दिसला, किंवा पातं मागे-पुढे हललं तर कपलिंग गेलं. अशा वेळी नवीन कपलिंगच घाला. बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून ते कायमचं जोडलं तर फॅन सगळा वेळ पूर्ण वेगानं ओढत राहतो. इंजिनाची ताकद जाते, आवाज वाढतो, पंपाच्या बेअरिंगवर भार येतो. घरी पोहोचण्यापुरता तो इलाज ठीक आहे.

प्रश्न : चोडणला जाण्यासाठी रायबंदरच्या फेरीत गाडी चढवून इंजिन बंद केलं की पाच मिनिटांत काटा आणखी वर गेलेला दिसतो. उतरताना कधी कधी गाडी लवकर चालूही होत नाही. फॅन कमी पडतो का? (एक वाचक, चोडण)

उत्तर : नाही. इंजिन बंद झालं की पंपही थांबतो, पण हेडमध्ये साठलेली उष्णता आजूबाजूच्या पाण्यात उतरतच राहते, म्हणून काटा काही मिनिटं वर जातो. चालू केल्यावर मिनिटाभरात तो मूळ जागी येत असेल तर दोष नाही. चालू व्हायला त्रास होतो तो पेट्रोलचा : कार्ब्युरेटर गरम होऊन आतलं पेट्रोल उकळतं आणि इनलेटमध्ये जास्त जातं. चोक न ओढता, ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरून स्टार्टर मारा, पंपिंग करू नका. कार्ब्युरेटरखालचा जाड उष्णतारोधक गॅस्केट जागेवर आहे का तेही पाहा. फेरीच्या रांगेत थांबताना बंद करण्याआधी अर्धा मिनिट आयडलिंगला ठेवलं तर दोन्ही त्रास कमी होतात.

प्रश्न : ओम्नी, एसी बसवलेली, भाड्यानं चालते. फॅनचा कनेक्टर वितळतो, फ्यूज जातो. मोटर बदलली, तरी सहा महिन्यांत तेच. (एक वाचक, कळंगुट)

उत्तर : किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. त्या सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला, तरी १० अँपिअरला तिथं १० वॅट उष्णता तयार होते आणि फॅनला एक व्होल्ट कमी मिळतो. नखाएवढ्या प्लास्टिकला १० वॅट पुष्कळ झाले, ते वितळणारच. मोटर बदलून सांधा जुनाच ठेवला तर नवी मोटरही त्याच वाटेनं जाते.

जुना कनेक्टर कापून टाका. नवीन पिना पक्कडीनं दाबून, वर डाग देऊन, हीट श्रिंक नळी चढवा. पिळून टेप गुंडाळलेला एकही सांधा ठेवू नका. कनेक्टर जोडताना आत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. अर्थचा थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) सोडवून खालचा गंज घासून काढा. मग डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावा : छोट्या गाडीचा फॅन स्थिर झाल्यावर साधारण ७ ते १० अँपिअर घेतो. १३-१४ दिसले तर मोटरचे बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) झिजले आहेत. फॅन हातानं फिरवून सोडला की दोन-चार फेऱ्या तरी सहज जायला हव्यात, आणि पातं वर-खाली हलता कामा नये.

नंतर एसी बसवलेल्या गाड्यांत आणखी एक चूक दिसते : एसी चालू झाला तरी फॅन इंजिनाच्या थर्मो स्विचचीच वाट पाहतो. तोवर कंडेन्सरची (रेडिएटरपुढे बसवलेली एसीची जाळी) गरम हवा रेडिएटरमध्ये जात राहते. दुसरा रिले घ्या; त्याच्या कॉइलला कॉम्प्रेसर क्लचची वायर आणि अर्थ द्या, ३० आणि ८७ पहिल्या रिलेच्या ३० आणि ८७ ला जोडा. आता एसी किंवा तापमान, कुणीही फॅन चालू करील. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत धूळ आणि कापसासारखा कचरा साठतो. बाहेरून दोन्ही स्वच्छ दिसतात, म्हणून कंडेन्सर थोडा सैल करून आत पाहा.

ओम्नीचं इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे असल्यामुळे लांब पाइपांत हवा अडकते. पाणी बदलल्यावर गाडी नाक वर करून चढावर उभी करा, कॅप उघडी ठेवून आयडलिंगला थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा आणि पातळी उतरेल तशी भरत जा.

प्रश्न : ‘गोव्यात थंडी कुठं, थर्मोस्टॅट काय करायचा’ म्हणून मेकॅनिकनं काढून टाकला. कूलंटचीही गरज नाही म्हणतो. बरोबर? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : दोन्ही चूक. थर्मोस्टॅट नसला की इंजिन बराच वेळ थंड चालतं, ऑइलमधली वाफ उडत नाही, टॅपेट कव्हरखाली पिवळट साय धरते आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं, आणि गाडी उलट जास्त तापते. जुना थर्मोस्टॅट दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, थर्मामीटर ठेवा. ८२ कोरलेला असेल तर ८० ते ८४ मध्ये उघडू लागला पाहिजे आणि ९५ च्या सुमारास पूर्ण, साधारण ८ मिलिमीटर. नाही उघडला तर त्याच आकड्याचा नवा.

कूलंट आपल्याकडे पाणी गोठू नये म्हणून नव्हे, तर गंज टाळायला आणि उकळबिंदू वाढवायला लागतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरेसं. प्रीमिक्सवर (आधीच पाणी मिसळलेल्या कूलंटवर) पाणी घालू नका. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणंही चूक, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. आधीचं गंजकं पाणी दोन-तीनदा धुऊन काढल्याशिवाय नवं भरू नका.

प्रश्न : फॅन स्विच खराब झाल्यावर गॅरेजमध्ये फॅन ‘डायरेक्ट’ करून दिला. चावी फिरवली की फॅन चालू. असंच ठेवलं तर? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : थर्मोस्टॅट शाबूत असेल तर इंजिनाचं नुकसान नाही, अल्टरनेटरवर सतत भार पडतो आणि मोटरचे कार्बन ब्रश लवकर संपतात. स्विच बदलून घ्या. सोबत डॅशवर एक छोटा टॉगल स्विच मात्र जरूर ठेवा, रिलेच्या कॉइलच्या वायरीत, म्हणजे फॅन हातानंही बंद करता येईल. आपल्या पावसात तो लागतो. साचलेल्या पाण्यात शिरताना फॅन चालू असेल तर पाती पाण्यावर आपटतात. प्लास्टिकची पाती तुटतात किंवा मोटर अडून फ्यूज जातो, आणि उडालेलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर पडून इंजिन बंद पडतं. पाण्याआधी फॅन बंद करा, पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या रेसवर बाहेर पडा आणि बाहेर येताच पुन्हा चालू करा. बेल्टवरच्या फॅनची जीप असेल आणि पाणी फॅनपर्यंत पोहोचणार असेल तर आधी बेल्ट काढून ठेवतात. तेव्हा पंपही थांबलेला असतो, म्हणून दोन-तीन मिनिटांहून जास्त चालवू नये.

अशा पाण्यातून आल्यावर घरी फॅनच्या पात्यांच्या मुळाशी चिरा पाहा आणि चिखल धुऊन टाका. मोटरच्या कवचाला एक बारीक भोक असतं, आत शिरलेलं पाणी निघून जाण्यासाठी. मोटर बसवताना ते तळाशी आलं पाहिजे. वरच्या बाजूला राहिलं तर आत गेलेलं पाणी तिथंच साचून बेअरिंग गंजतं.